विजेचं सोंग आणता येत नाही

संगणकाच्या जगात सोंगांना तोटा नाही. नसलेला प्रिंटर असल्यासारखा दाखवता येतो, एका डिस्कच्या चार डिस्क करता येतात, एका यंत्राच्या पोटात दुसरं अख्खं यंत्र चालवता येतं आणि आतल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जुनी म्हण पैशाबद्दल आहे: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. टेबलावरच्या संगणकापुरती पैशाच्या जागी वीज घातली तरी म्हण तितकीच खरी राहते. आणि हे सगळ्यांत लवकर उघडं पडतं ते यूएसबी हबपाशी.

हब दिसायला किती साधा! एक शेपटी, समोर चार नाहीतर सात तोंडं. लावला की एका पोर्टचे चार पोर्ट झाले, असं डोळे सांगतात. माहितीच्या देवाणघेवाणीपुरतं ते खरंही आहे. यूएसबीत प्रत्येक उपकरणाला सात बिटांचा पत्ता मिळतो. त्यातला शून्य नव्यानं आलेल्यासाठी राखीव, म्हणून एका कंट्रोलरवर, म्हणजे संगणकातल्या यूएसबी सांभाळणाऱ्या चिपवर, १२७ उपकरणं बसू शकतात. हबही त्यांतच धरायचे, आणि एकामागे एक लावायचे तर पाचाच्या पुढं जायचं नाही. १२७ हा आकडा यूएसबीची ओळख करून देताना हमखास सांगितला जातो. एवढ्या सगळ्यांना पोसायचं कशावर, ते मात्र त्या आकड्यात कुठंच नसतं.

विजेचा हिशेब निराळा आहे आणि तो कंजूष आहे. १९९४ साली कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी या कामाला हात घातला आणि जानेवारी १९९६मध्ये पहिलं मानक आलं. तेव्हाच्या संगणकाच्या पाठीमागं कीबोर्डचं भोक वेगळं, माउसचं वेगळं, प्रिंटरचं लांबलचक आणि मॉडेमचं आणखी चौथंच. ही गर्दी मोडायची होती. सोबत ५ व्होल्टची एक तार दिली ती मुख्यतः कीबोर्ड-माउससारख्या अल्पसंतुष्टांसाठी. पुढं लोक त्याच तारेवर फोन चार्ज करू लागले, पंखे फिरवू लागले, डिस्क चालवू लागले, ही त्या तारेची नंतरची कर्मकहाणी.

मानकाचा शिष्टाचार असा. उपकरण जोडलं की त्यानं आधी १०० मिलिअँपिअरच्या आत राहून स्वतःची ओळख सांगायची. मी कोण, मला कोणी बनवलं, आणि मला जास्तीत जास्त किती वीज लागेल. संगणकानं हो म्हटलं की मगच हात पसरायचा, तोही ५०० मिलिअँपिअरपर्यंतच. २००८मध्ये यूएसबी ३ आलं तेव्हा या दोन मर्यादा १५० आणि ९०० झाल्या. रीत तीच राहिली.

आता स्वतःचा अडॅप्टर नसलेला जुन्या पद्धतीचा हब घ्या. त्याला वरून मिळणार ५००. त्यातले १०० तो स्वतःच्या चिपसाठी ठेवणार. उरले ४००, ते शंभर-शंभरनं वाटले की चार तोंडं. अशा हबांना चारच पोर्ट का असतात, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. त्या चारांपैकी एकात तसाच दुसरा हब लावला तर त्याच्या वाट्याला येणार १००, म्हणजे तो स्वतः जेमतेम जगणार आणि खाली द्यायला त्याच्याकडं काही उरणार नाही. नियमाप्रमाणं अशी जोडणी मुळात मान्यच नाही. तरीही सात पोर्टांचे बिनअडॅप्टरचे हब सर्रास विकले जातात. त्यांच्या आत बहुधा चार पोर्टांच्या दोन चिप एकामागे एक बसवलेल्या असतात आणि ही वजाबाकी कोणीही केलेली नसते.

मला या सगळ्यात गुंतवून ठेवतं ते वेगळंच. उपकरणानं सांगितलेला आकडा कोणी मोजून बघत नाही! संगणक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. मॅकच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये किंवा लिनक्सवर एका आज्ञेसरशी ही सगळी मागणीपत्रं वाचता येतात, आणि ती वाचायचा मला छंदच आहे. कीबोर्ड १०० मागतो आणि त्याच्या बऱ्याच खाली भागवतो. वेबकॅम सरळ ५०० लिहून मोकळा होतो. बनवणाऱ्यानं पुढची कटकट नको म्हणून रकान्यात मावेल तेवढा आकडा भरून टाकलेला असतो. भिंतीतून स्वतःची वीज घेणारे काही प्रिंटर अवघे २ मिलिअँपिअर मागून गप्प बसतात. अवाढव्य देह आणि एवढीशी मागणी, बघायला मौज वाटते. आणि टेबलावरचे छोटे दिवे, पंखे वगैरे मंडळी तर बोलतच नाहीत. माहितीच्या तारांना त्यांचा हातही लागत नाही. त्यांच्या लेखी यूएसबी म्हणजे ५ व्होल्टचं भोक. त्यामुळं यादीत त्यांचं नाव नसतं, पुरवठ्यात मात्र वाटा असतो.

सगळ्यांत बिलंदर हबच. आपण स्वतःच्या विजेवर चालतो की वरून आलेल्या, हे हबला ओळखीतच सांगावं लागतं. कित्येक स्वस्त हब, अडॅप्टर लावलेला असो वा नसो, ‘मी माझ्या पायांवर उभा आहे’ असंच छातीठोक सांगतात. संगणक मान डोलावतो आणि खाली लावलेल्या डिस्कला ५०० घ्यायची परवानगी देऊन टाकतो. हबनं खरं सांगितलं असतं तर डिस्कला तिथंच नकार मिळाला असता, पडद्यावर तसा संदेश आला असता आणि माणूस अडॅप्टर शोधायला उठला असता. खोट्या शब्दामुळं हा सगळा भाग गाळला जातो आणि गोष्ट थेट डिस्कच्या मोटरपाशी जाते.

मोटरपुढं सोंग चालत नाही. अडीच इंची फिरती हार्ड डिस्क एकदा वेगात आली की थोडक्यात भागवते, पण तबकडी जागची हलवताना तिला क्षणभर एक अँपिअरच्या आसपास लागतो. तेवढा मिळाला नाही की ती थोडी फिरते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. तो ‘टक… टक…’ आवाज ऐकला की माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण मरणाऱ्या डिस्कचा आवाजही असाच असतो. पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते आणि नुसती उपाशी असते. म्हणून असा आवाज आला की डेटा वाचवणाऱ्यांचा पत्ता शोधण्याआधी ती डिस्क हबवरून काढून संगणकाच्या मागच्या पोर्टात आखूड केबलनं लावून बघावी, एवढं मी भेटेल त्याला सांगत असतो. तिथंही टकटक सुरूच राहिली तर मात्र लगेच बंद करावी. खरोखर बिघडलेली डिस्क पुन्हापुन्हा फिरवण्यात नुकसानच आहे.

आखूड केबल का, तर पोर्टपाशी आकडा पुरेसा असला तरी वाटेत गळती असते. तारेलाही रोध असतो. गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप; २८ गेजच्या बारीक तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दोन मीटरची केबल म्हणजे जायचे दोन आणि यायचे दोन असे चार मीटर, झाला ०.८५ ओहम. त्यातून अर्धा अँपिअर गेला तर ०.४३ व्होल्ट वाटेतच संपले. एक अँपिअर ओढला तर ०.८५, म्हणजे ५ व्होल्टचे पलीकडच्या टोकाला ४.१५ उरले. बिनअडॅप्टरच्या हबच्या पोर्टवर यूएसबी २च्या मानकानं ४.४ व्होल्टपर्यंत घसरण चालवून घेतली आहे. त्याच्याही खाली आपण आलो, आणि वाटेत हब अजून धरलेलाच नाही. हीच केबल २४ गेजची असती तर एक अँपिअरला तिनं ०.३४ व्होल्टच खाल्ले असते. यूएसबी २च्या चांगल्या केबलच्या अंगावर हे बारीक अक्षरांत छापलेलंही असतं: दोन गेज आकडे, एकापुढं पी आणि दुसऱ्यापुढं सी. पी म्हणजे माहितीच्या तारांची जोडी, सी म्हणजे विजेच्या तारा. सी कडचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. केबल घेताना लोक तिचा रंग बघतात, वेष्टन बघतात, सोन्याचा मुलामा बघतात. हे अक्षर वाचणारा विरळा.

कमी पडलेली वीज ‘मी कमी पडले’ असं कधी सांगत नाही, ही खरी पंचाईत. ती दुसऱ्याच्या नावावर खपते. वेबकॅमचं चित्र अडकलं तर इंटरनेटला बोल लागतो. आवाजात खरखर आली तर मायक्रोफोनला. फाइल उतरवताना पेन ड्राइव्ह मध्येच गायब झाला तर पेन ड्राइव्हला. स्कॅनर सुरू होताना दिवा लावतो आणि मोटर फिरवतो. नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या पोर्टातलं उपकरण तुटून पुन्हा जोडलं गेल्याचा ‘टुंग’ आवाज येतो आणि ड्रायव्हर नवा टाकायचा सल्ला मिळतो. एखादा दोष ठरावीक उपकरणाशी बांधलेला नसून ‘अमुक चालू असताना तमुक बिघडतं’ अशा जोडीनं येत असेल, तर मी सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी विजेचा हिशेब मांडतो.

याउलट जिथं यंत्रणा खरं बोलते तिथं ती घाबरवून सोडते. विंडोजवर कधीकधी ‘पॉवर सर्ज ऑन यूएसबी पोर्ट’ असा इशारा येतो. वाचणाऱ्याला वाटतं, भिंतीतून विजेचा लोट आला आणि आता संगणक जळणार. प्रत्यक्षात कुणीतरी उपकरणानं मर्यादेबाहेर वीज ओढली आणि पोर्टनं पुरवठा तोडला, एवढाच अर्थ. हे काम अनेक मदरबोर्डवर एक छोटा फ्यूज करतो, जो तापला की त्याचा रोध वाढतो आणि थंड झाला की पूर्ववत होतो. बदलावा लागत नाही. आता मघाशी म्हटलं तसं आकडा कोणी मोजत नाही, पण अति झालं की पकडलं जातं ते इथं. उपकरण काढून थोडं थांबलं की पोर्ट परत जिवंत होतो. मेला म्हणून सोडून दिलेले कित्येक पोर्ट नुसते रुसलेले असतात.

मग पॉवर्ड, म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा, हे ओघानं आलंच. पण अडॅप्टर आहे एवढ्यावर समाधान मानायचं नाही. अडॅप्टरवरचं लेबल वाचायचं. सात पोर्टांचा यूएसबी ३ हब प्रत्येकाला ९०० द्यायचं म्हणाला तर बेरीज ६.३ अँपिअर होते. अशा हबसोबत ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर आला असेल तर प्रत्येक पोर्टच्या वाट्याला २८५ मिलिअँपिअर येतात. तेही गैर नाही, कारण सातही जण एकाच वेळी पोटभर मागत नाहीत. कीबोर्ड, माउस, कार्ड रीडर आणि एखादी डिस्क असा संसार असेल तर दोन अँपिअर पुष्कळ. तीन डिस्क लावायच्या असतील तर नाहीत. काही हब १२ व्होल्टचा अडॅप्टर घेऊन आत त्याचे ५ व्होल्ट करतात. मला ते जास्त आवडतात, कारण तेवढेच वॅट आणायला अडॅप्टरच्या बारीक वायरमधून कमी करंट जातो आणि गळतीही कमी होते. धोका एकच: १२ व्होल्टच्या आणि ५ व्होल्टच्या अडॅप्टरची गोल पिन पुष्कळदा सारख्याच मापाची असते. ५ व्होल्टच्या हबमध्ये १२चा अडॅप्टर घुसला तर हबसकट खालची सगळी उपकरणं जायची भीती. माझ्या प्रत्येक अडॅप्टरवर तो कुणाचा आहे हे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. घरातले हसतात. हसू देत.

पॉवर्ड हबांची आणखी एक खोड फार थोड्यांना माहीत असते. त्यांनी खालच्या उपकरणांना वीज द्यायची असते, वर संगणकाला नाही. मानकानं हे स्पष्ट बंद केलं आहे. तरी काही हबांत दोन्हीकडच्या ५ व्होल्टच्या तारा सरळ जोडून टाकलेल्या असतात आणि अडॅप्टरची वीज उलटी चढून संगणकात शिरते. ओळखायला सोपं आहे. संगणक बंद करून त्याची भिंतीतली पिनही काढायची, हबचा अडॅप्टर चालू ठेवायचा, आणि संगणकाच्या स्वतःच्या पोर्टात दिव्याचा माउस लावायचा. माउस उजळला किंवा कॅबिनेटवरचा एखादा दिवा मिणमिणला तर वीज मागच्या दारानं येते आहे. अशा हबला मी संगणकापाशी ठेवत नाही.

बंद संगणकात माउसचा दिवा जळणं मात्र दरवेळी असं संशयास्पद नसतं. पिन भिंतीत असेल तर डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय एका जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट सतत देत असतो. कळ दाबल्यावर संगणक उठतो तो त्याच विजेवर, आणि अनेक मदरबोर्ड तीच काही यूएसबी पोर्टांनाही देतात. ती नको असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ‘ईआरपी’ नावाचा पर्याय शोधावा. बंद यंत्रानं अर्ध्या वॅटच्या वर खाऊ नये, असा युरोपचा नियम २०१३पासून आहे, त्यापायी तो आला. तो चालू केला की रात्रीचे दिवे विझतात. कीबोर्डची कळ दाबून बंद संगणक सुरू करायची सोय असेल तर तीही जाते.

झोपेबद्दल माझं मत जरा हट्टी आहे. यूएसबी उपकरण रिकामं बसलं की त्याला झोपवून वीज वाचवायची व्यवस्था विंडोजमध्ये ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ या नावानं असते. तारेवर ३ मिलिसेकंद शांतता झाली की उपकरणानं झोपायचं आणि २.५ मिलिअँपिअरच्या आत राहायचं. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला हे वरदान. डेस्कटॉपवर काय वाचतं? १०० मिलिअँपिअर घेणारं उपकरण म्हणजे अर्धा वॅट. समोरचा मॉनिटर त्याच्या कितीतरी पट खात असतो. आणि या अर्ध्या वॅटसाठी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकाचा आवाज आत-बाहेर नेणारा डबा, दर वेळी पहिला शब्द गिळणार, डिस्क दर वेळी डोळे चोळत उठणार. डेस्कटॉपवर मी ही व्यवस्था बंद ठेवतो. उलट प्रकार म्हणजे झोपलेला संगणक रात्री आपोआप उठणं. टेबलाला धक्का लागून माउस सरकतो आणि अख्खं यंत्र जागं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन संगणकाला उठवायचा त्याचा हक्क काढून घ्यावा आणि तो एकट्या कीबोर्डकडं ठेवावा.

सगळंच विजेच्या माथी मारू नये म्हणून एक अपवाद सांगतो. हबवर यूएसबी ३ची डिस्क चालू झाली की शेजारच्या वायरलेस माउसचा बाण अडखळतो. अडॅप्टर बदलून याला गुण येत नाही. यूएसबी ३च्या वेगवान संदेशांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि माउस तिथंच बोलत असतो. इंटेलनं २०१२मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. माउसचा चिमुकला रिसीव्हर एका छोट्या एक्स्टेंशन केबलवर डिस्कपासून दूर नेला की झालं.

टाइप-सीनं या व्यवहाराची दिशाच फिरवली, आणि ही सुधारणा मला मनापासून पटते. जुन्या रीतीत घेणारा आधी बोलायचा. सीमध्ये देणारा आधी बोलतो. पोर्टमधला एक छोटा रेझिस्टर आल्या-आल्या सांगतो की माझ्याकडं नेहमीचं तेवढंच आहे, किंवा दीड अँपिअर आहे, किंवा तीन आहेत. त्याच्या पुढची पॉवर डिलिव्हरीची, म्हणजे जास्त व्होल्ट देण्या-घेण्याची बोलणी असतील तर तिथंही देणाराच आपली यादी पुढं ठेवतो: ५, ९, १५, २० व्होल्ट, २०२१पासून थेट ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत. पण २०१५च्या सुमाराला बाजारात दुसरं टोक जुन्या ए प्रकारचं असलेल्या अशा सी केबली निघाल्या ज्यांत ५६ किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा रेझिस्टर होता. त्याचा अर्थ ‘तीन अँपिअर आहेत’ असा होतो. फोन बिचारा विश्वासानं तेवढे ओढायला जातो आणि पलीकडं अर्ध्या अँपिअरचा म्हातारा पोर्ट असतो. म्हणजे आता केबलही खोटं बोलू लागली. डेस्कटॉपच्या सी पोर्टबद्दलही तेच. भोक तेच लंबगोल, पण त्यातून पुष्कळदा १५ वॅटच्या वर काही निघत नाही, आणि लॅपटॉप पोसणाऱ्या चार्जरसारखा तो दिसतो एवढंच.

माझ्या टेबलाची सध्याची मांडणी या सगळ्यातून आली आहे. कीबोर्ड थेट संगणकाला, कारण हब रुसला तरी बायोसपर्यंत पोचता आलं पाहिजे. फिरती डिस्क मागच्या पोर्टात, हातभर केबलवर. पुढच्या पोर्टांना कॅबिनेटच्या आतून एक जादा वायर असते, तिची गळती मला नको. ऑडिओ इंटरफेस एकटा, कुणाशी वाटणी न करता. प्रिंटर स्वतःचं खातो, म्हणून तो कुठल्याही हबवर चालतो. पॉवर्ड हबवर स्कॅनर, कार्ड रीडर आणि येणारे-जाणारे पेन ड्राइव्ह. पंखा आणि दिवा मात्र संगणकावरून पार काढून टाकले. भिंतीत फोनचा एक जुना चार्जर आहे, त्यावर दोघं सुखानं चालतात. त्यांना संगणकाशी बोलायचं तसंही काही नव्हतं.